गाडीतला माल फुटतो, तो नशिबाने नव्हे!



कुटुंबाच्या पानावर ट्रक, टेम्पो आणि दोरखंडाचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण सकाळी आपल्या कुठल्याही वस्तीतून एक फेरफटका मारून पाहा. गल्लीच्या तोंडाशी एखादा छोटा टेम्पो उभा असतोच. तो कुणी महामंडळाच्या योजनेतून घेतलेला असतो, कुणी बँकेचे कर्ज काढून, तर कुणी आईच्या बांगड्या मोडून. कुणाचा मुलगा कंटेनरवर चालक आहे, कुणाचा भाऊ भिवंडीच्या गोदामात माल भरतो, कुणाचे वडील आयुष्यभर पाठीवर गोणी वाहून निवृत्त झाले. म्हणजे माल गाडीत कसा भरावा आणि कसा बांधावा, हा आपल्या घरातल्या चुलीशी जोडलेला प्रश्न आहे.

मी वाहतूक क्षेत्रातील एका कार्यालयात लिपिक आहे. मोडलेल्या, फुटलेल्या, भिजलेल्या मालाच्या तक्रारी नोंदवण्याचे काम गेली वीस वर्षे माझ्याकडे आहे. इतके असूनही या विषयाने माझे डोळे उघडले ते कार्यालयात नव्हे, तर आमच्या बुद्धविहाराच्या दारात. तो प्रसंग आधी सांगतो.

पेटी उघडली आणि सर्वांचे चेहरे पडले

आमच्या विहारात तथागतांची संगमरवरी मूर्ती बसवायची, असे ठरले. दारोदार फिरून कुणाकडून पन्नास, कुणाकडून शंभर असे रुपये गोळा केले. धुणीभांडी करणाऱ्या मायबहिणींनी महिन्याच्या हप्त्याने वर्गणी दिली. जयपूरच्या कारागिराकडे मूर्ती सांगितली. बुद्धपौर्णिमेच्या आठ दिवस आधी ती लाकडी पेटीत बंद होऊन, इतर मालासोबत ट्रकने आली. पेटीसह वजन अडीचशे किलोच्या आसपास होते. वस्तीतल्याच चार हमालांनी ती फळी लावून, दोर धरून, हळूहळू उतरवली. फुले उधळली गेली, घोषणा झाल्या. पोचपावतीवर सही करण्याचे काम सचिव या नात्याने मी केले. मग पेटी उघडली.

मूर्तीचा उजवा कान तुटून पडला होता आणि उष्णीषाचा टवका उडाला होता.

क्षणात सगळा रोष हमालांवर गेला. "आपटली असणार", "शुद्धीत होते का?", "यांची हमाली देऊ नका", असे आपलेच लोक आपल्याच माणसांना बोलू लागले. त्या चौघांत जे सर्वांत वडीलधारे होते, त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. ते एवढेच म्हणाले, "साहेब, फाळका पाडला तेव्हाच पेटी तिरकी उभी होती. हात लावायच्या आधी आतून खुळखुळ आवाज येत होता. मी बोललो तुम्हाला. तुम्ही सहीच्या गडबडीत होता."

त्यांचे बोलणे मला लागले. ट्रक अजून उभाच होता. मी आत चढून पाहिले. लाकडी तळावर पेटी घसरल्याच्या दोन ताज्या रेघा होत्या. केबिनच्या बाजूच्या फळ्यावर खाली, पेटीच्या बुडाच्या उंचीवर, ठोकर बसल्याची ताजी खूण होती. चालकाला विचारले, तेव्हा उलगडा झाला. जयपूरला पेटी सर्वांत आधी चढवली होती, पण ती पुढच्या फळ्याला न भिडवता दोन फूट अलीकडे ठेवली गेली. तिच्या मागे दुसरा माल लागला आणि सर्वांवरून एकच दोर आवळला गेला. सुरतेला मागचा माल उतरला, तसा दोर सैल पडला. पुढच्या प्रवासात पेटी मोकळी होती. कुठेतरी जोराचा ब्रेक लागला. पेटी दोन फूट घसरली, बुड फळ्याला ठेचले आणि वरचा भाग पुढे झुकला. पेटीत भरलेला पेंढा प्रवासाच्या हादऱ्यांनी दबून खाली बसला होता. त्यामुळे मूर्तीच्या डोक्याभोवती पोकळी झाली होती आणि डोके फळीवर आदळले.

म्हणजे मूर्ती वस्तीत येण्यापूर्वी कितीतरी तास आधीच फुटली होती. हमालांनी तर ती सांभाळून उतरवली होती. तथागतांनी कार्यकारणभाव शिकवला. त्यांचीच मूर्ती फुटली आणि कारण न शोधता आम्ही माणूस शोधत बसलो!

माल हलतो तरी का?

एस.टी. बसमध्ये दांडी न धरता उभे राहिलेल्या माणसाला विचारा. चालकाने ब्रेक मारला की तो पुढे जातो, गाडी वळली की बाहेरच्या बाजूला कलतो, गाडी झटक्याने सुटली की मागे पडतो. गाडी थांबते, पण तिच्यावरचे वजन आपल्या वेगाने पुढे जाऊ पाहते. शाळेत न्यूटनचा नियम आपण पाठ केला, पण गाडी भरताना तो विसरलो. माणूस दांडी धरतो. मालाला हात नसतात. मालाचे हात म्हणजे दोर, पट्टा, पाचर आणि शेजारचा फळा.

हा जोर केवढा असतो? युरोप-अमेरिकेतील माल बांधण्याच्या नियमांत असे धरतात की, जोराच्या ब्रेकला माल आपल्या वजनाच्या ८० टक्के जोराने पुढे रेटला जातो, आणि बाजूला व मागे निम्म्या वजनाच्या जोराने. आमच्या पेटीचा हिशेब करू. अडीचशे किलोची पेटी दोनशे किलोच्या जोराने पुढे जाऊ पाहणार. लाकडी तळावरचे घर्षण ढोबळमानाने वजनाच्या ३० टक्के धरले, तर ते ७५ किलोचा जोर अडवील. उरलेला १२५ किलोचा जोर कोण अडवणार? तिथे दोर नव्हता, पाचर नव्हती, फळा दोन फूट लांब होता. पेटी घसरली यात नवल ते काय?

"माल जड आहे, तो कशाला हलतोय", हे वाक्य मी अनेक चालकांच्या तोंडून ऐकले आहे. हा मोठा भ्रम आहे. वजन वाढते तसा रेटाही त्याच प्रमाणात वाढतो. शिवाय खड्ड्यात गाडी उसळते, तेव्हा क्षणभर माल तळावरून हलका होतो आणि घर्षणही कमी होते. त्या क्षणी जड मालही बोटभर सरकतो. बोट-बोट करत शंभर किलोमीटरनंतर हातभर जागा होते. मोकळी जागा जितकी जास्त, तितकी ठोकर जोरदार. वेग दुप्पट झाला तर ठोकरीतली शक्ती चौपट होते, हेही चालकाने ध्यानात ठेवावे.

भरताना पाळायच्या गोष्टी

पुढील गोष्टींना फार मोठा खर्च नाही. हव्यात त्या अर्धा तास वेळ आणि शिस्त.

पहिली गोष्ट, तळ झाडून घ्या. वाळू, भुसा, तेल, पाणी यांवर माल घसरतो. शक्य असेल तर मालाखाली रबराची चटई टाका. रबरामुळे घर्षण जवळजवळ दुप्पट होते. आमच्या पेटीखाली रबर असते, तर अडवायचा उरलेला जोर १२५ किलोवरून ५० किलोच्या घरात आला असता.

दुसरी गोष्ट, माल पुढच्या फळ्याला भिडवून लावा आणि मध्ये पोकळी ठेवू नका. जिथे जागा राहतेच, तिथे रिकामी लाकडी पॅलेट, पेंढा भरलेली पोती, जुने टायर किंवा लाकडी गुटके भरा. मोठ्या कंटेनरमध्ये हवा भरायच्या पिशव्या वापरतात. दोन थप्प्यांच्या मध्ये पिशवी ठेवून हवा भरली की ती दोन्ही बाजू दाबून धरते. मात्र तिच्याजवळ खिळा किंवा धारदार कोपरा असू नये.

तिसरी गोष्ट, जड खाली, हलके वर आणि दोन्ही बाजूंना वजन सारखे. सगळे वजन मागे टाकले, तर पुढची चाके हलकी पडून स्टिअरिंगचा ताबा कमी होतो. सगळे एका कुशीला टाकले, तर वळणावर गाडी कलंडते. उंच आणि बुडाशी अरुंद वस्तू एकटी उभी करू नये. ती फळ्याला टेकवून, दोन्ही बाजूंनी पाचर ठोकून, वेगळ्या पट्ट्याने बांधावी.

चौथी गोष्ट, खोक्यांची थप्पी. पुठ्ठ्याच्या खोक्याची बहुतांश ताकद त्याच्या चार कोपऱ्यांत असते. म्हणून खोक्यावर खोके कोपऱ्याला कोपरा जुळवून ठेवले, तर खालचे खोके वरचा भार पेलते. विटांसारखी सांधेमोड केली, तर थप्पी एकमेकांत गुंतते, पण वरचा कोपरा खालच्या खोक्याच्या मऊ पोटावर येतो आणि खोके बसते. खालचे थर सरळ रचावे, वरचा थर गुंतवावा आणि सगळ्याभोवती ताणून प्लास्टिक गुंडाळावे. पॅलेटच्या कडेबाहेर खोके लोंबू देऊ नये. पावसाळ्यात दमट झालेला पुठ्ठा निम्मासुद्धा भार पेलत नाही, म्हणून त्या दिवसांत थप्पी बुटकी ठेवावी.

पाचवी गोष्ट, दोर आणि पट्टा. नायलॉनचा दोर ताणला जातो आणि प्रवासात सैल पडतो. खटक्याचा पट्टा, ज्याला आपली मुले रॅचेट बेल्ट म्हणतात, तो जास्त भरवशाचा. पट्ट्यावर तो किती भार पेलतो याची चिठ्ठी शिवलेली असते, ती वाचा. कापलेला, उसवलेला, गाठ मारलेला पट्टा वापरू नका. गाठीने त्याची ताकद घटते. धारदार कोपऱ्यावर पुठ्ठ्याची किंवा जुन्या टायरची पट्टी ठेवा. मालावरून टाकलेला पट्टा जितका उभा उतरेल, तितका तो मालाला खाली दाबतो. तोच पट्टा तळाशी ३० अंशांच्या कोनात आडवा गेला, तर दाब निम्माच उरतो. म्हणून बुटक्या मालावरून नुसता पट्टा टाकून भागत नाही. त्याला पुढून-मागून गुटके लावून अडवावेच लागते.

सहावी गोष्ट, वाटेत थांबून पाहणे. अमेरिकेच्या नियमात चालकाने पहिल्या ५० मैलांच्या आत, म्हणजे ८० किलोमीटरच्या आत, एकदा बांधणी तपासावी, असे सांगितले आहे. हादऱ्यांनी माल बसतो आणि पट्टा ढिला होतो, म्हणून हा नियम. मुंबईहून नाशिककडे निघालेल्या चालकाने कसारा घाट चढण्याआधी चहा घ्यावा आणि चहाआधी पट्टे ओढून पाहावेत. एवढे साधे आहे.

अर्धी रिकामी गाडी सर्वांत धोक्याची

माझ्या नोंदवहीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. गच्च भरलेल्या गाडीतला माल जेवढा फुटत नाही, तेवढा अर्ध्या रिकाम्या गाडीतला फुटतो. गच्च भरलेल्या गाडीत माल मालाला धरून असतो. चार ठिकाणी माल पोचवणाऱ्या टेम्पोत पहिल्या दुकानाला दहा खोकी उतरली की तिथे खड्डा पडतो. दुसऱ्या दुकानाला आणखी. उरलेला माल आता एकटा पडतो, आणि चालक घाईत असतो, कारण पुढच्या ठिकाणची वेळ गाठायची असते.

यावर उपाय दोन. एक, जो माल शेवटी उतरणार तो आधी चढवावा, म्हणजे मधूनच ओढाओढ करावी लागत नाही. दोन, प्रत्येक ठिकाणी माल उतरला की उरलेल्या मालाला नव्याने अडवावे. बंद बॉडीच्या गाडीत दोन्ही भिंतींना घट्ट बसणारा आडवा दांडा मिळतो. तो नसेल, तर दोन पट्टे आणि चार गुटके गाडीत कायम ठेवावेत. सगळ्या मालावरून एकच दोर न टाकता, प्रत्येक ठिकाणच्या मालाला वेगळी बांधणी करावी. आमच्या मूर्तीबाबत एवढे झाले असते, तरी ती वाचली असती.

दार उघडताना जीव जातो

फुटलेला माल पुन्हा आणता येतो. माणूस आणता येत नाही. आमच्या भागातील एका तरुणाची गोष्ट सांगतो. नाव लिहीत नाही. त्याने बंद बॉडीच्या टेम्पोचे मागचे दार उघडले आणि दाराला टेकून बसलेला रसायनाचा पिंप थेट त्याच्या पायावर आला. पायाची दोन बोटे गेली. तीन महिने घरी बसला. घराचा गाडा बायकोने शिवणकामावर ओढला. ज्याच्यासाठी तो माल नेत होता, त्या मालकाने फुटलेल्या पिंपाचे पैसे त्याच्याच भाड्यातून कापून घेतले. पिंप भरणारा वेगळा, बांधणारा कुणीच नाही, आणि भरपाई देणारा हा!

म्हणून घरातल्या प्रत्येक चालकाला आणि हमालाला हे सांगाच. दार उघडताना समोर उभे राहू नये, कडेला उभे राहावे. एकदम दोन्ही झडपा उघडू नयेत. एक झडप चार बोटे उघडून, हाताने धरून ठेवून आत पाहावे. माल दाराला टेकला असेल, तर एकट्याने हात घालू नये, सोबत्याला बोलवावे. भरतानाच शेवटच्या थप्पीमागे पट्टा किंवा जाळी लावली, तर ही वेळच येत नाही. पिंप नेहमी उभे ठेवावेत. काचेचे तावदान घोड्यावर, म्हणजे तिरक्या लाकडी चौकटीवरच न्यावे. काच सोडवताना तिच्या पडत्या बाजूला कुणीही उभे राहू नये. लोखंडी पत्र्याच्या गुंडाळ्या आणि पाइप नेणाऱ्या ट्रेलरवर तर विशेष सावध असावे. ब्रेक लागल्यावर त्या सुटल्या, तर केबिन फोडून चालकापर्यंत येतात.

जादा माल भरण्याचा मोहही टाळावा. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर मर्यादेपेक्षा जास्त वजन भरल्यास २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंड आहे. माल गाडीच्या बाहेर डोकावत असेल, तरीही २० हजारांचा दंड आहे. एका फेरीचा नफा दंडात जातो, आणि अपघात झाला तर संसारच जातो.

कागद सांभाळा, हक्क सांभाळा

आता माझ्या स्वतःच्या चुकीकडे येतो. मी पेटी उघडण्याआधीच पोचपावतीवर सही केली होती. त्यावर माल चांगल्या स्थितीत मिळाल्याचे छापलेले होते. दिवसभर दुसऱ्यांच्या पोचपावत्या तपासणारा मी, स्वतःच्या विहाराच्या वेळी न वाचता सही करून बसलो. मूर्तीची किंमतही बिल्टीवर लिहिलेली नव्हती. भरपाईसाठी पत्रव्यवहार केला, तेव्हा माझीच सही माझ्यापुढे ठेवण्यात आली. जे थोडेफार मिळाले, त्यात मूर्तीचा एक हातही झाला नसता. वर्गणीदारांसमोर उभे राहून मी ही चूक कबूल केली. तो दिवस मी विसरणार नाही.

रस्त्याने माल नेण्याबाबत २००७ चा कायदा आहे आणि तो २०११ पासून लागू आहे. त्यानुसार मालाचे नुकसान झाल्यास, बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते. ती दिली नाही तर दावाच करता येत नाही. जादा जोखमीचा दर भरून तसे लिहून घेतले नसेल, तर भरपाई साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित राहते. म्हणून किमती वस्तू पाठवताना किंमत लिहावी, जोखमीचा दर विचारावा आणि शक्य असेल तर विमा घ्यावा. माल घेताना पेटी पाहावी, हलवून पाहावी, मोबाइलवर फोटो काढावा. शंका असेल तर सहीच्या वर "पेटी तिरकी, आतून आवाज, उघडून पाहिलेली नाही" असा शेरा मारूनच सही करावी. तेवढ्या एका ओळीने आमचे हजारो रुपये वाचले असते.

दुसरा हक्क कामगाराचा. माल फुटला की पगार कापायचा, ही पद्धत सर्रास चालते. पण १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातही आणि २०१९ च्या वेतन संहितेतही तत्त्व एकच आहे. पगारी कामगाराच्या ताब्यात दिलेल्या मालाचे नुकसान त्याच्याच हलगर्जीपणाने झाले असेल, तरच कपात करता येते, आणि त्याआधी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. घाईने गाडी भरायला लावणारा, पट्टे न देणारा, वेळेचा तगादा लावणारा मालक नामानिराळा राहतो आणि कपात मात्र गरिबाची होते. हे आपण विचारले पाहिजे.

माथाडी म्हणजे माथ्यावर ओझे वाहणारा. या कामगारांसाठी महाराष्ट्रात १९६९ साली कायदा झाला, मंडळे झाली. त्याहीपूर्वी, १९४२ ते १९४६ या काळात परमपूज्य बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात कामाचे तास, विमा, कामगारांची सुरक्षितता हे प्रश्न त्यांनी सरकारच्या टेबलावर आणले. पुढे संविधानाच्या ४२ व्या अनुच्छेदात कामाची न्याय्य व माणुसकीची परिस्थिती हे राज्याचे कर्तव्य ठरले. गाडीत पट्टा मागणारा चालक भीक मागत नाही, तो याच वारशातले आपले माप मागतो.

घरच्या माणसांसाठी

घर बदलताना आपण टेम्पो बोलावतो आणि सामान कसेबसे कोंबतो. तेव्हाही हेच नियम लावावेत. कपाट रिकामे करून, दारे बांधून, केबिनच्या फळ्याला टेकवावे. फ्रीज उभाच न्यावा. टीव्ही आणि बाबासाहेबांची, तथागतांची तसबीर दोन गाद्यांच्या मध्ये उभी ठेवावी. आडवी ठेवली की काचेवर भार येतो. भांडी गोणीत भरण्यापेक्षा चादरीत गुंडाळून पातेल्यात पातेले घालावे. पोकळीत उशा आणि कपड्यांची गाठोडी भरावीत. सामानावर लेकरांना बसवू नये.

बचत गटाच्या भगिनी लोणचे, पापड, मसाला पाठवतात. बरण्यांमध्ये पुठ्ठ्याचे आडपडदे घालावेत. खोके बंद करून कानाजवळ हलवावे. आत आवाज आला तर आत जागा आहे, असे समजावे. कागदाचे बोळे भरून आवाज बंद झाल्याशिवाय खोके गाडीत देऊ नये. मूर्तीच्या पेटीतला तो खुळखुळ आवाज मला अजून ऐकू येतो, म्हणून हे सांगतो.

दरवर्षी दीक्षाभूमीला आणि चैत्यभूमीला पुस्तकांचे गठ्ठे घेऊन जाणाऱ्या बांधवांनीही लक्ष द्यावे. पुस्तके आडवी, कोपऱ्याला कोपरा जुळवून, खाली फळी आणि वर ताडपत्री घालून न्यावीत. ओल्या तळावर ठेवलेला गठ्ठा स्टॉलवर पोचेपर्यंत रद्दी होतो, आणि छोट्या प्रकाशकाचा वर्षाचा घास जातो.

शेवटी

मूर्तीचे पुढे काय झाले? वस्तीने पुन्हा वर्गणी काढली. दुसऱ्या मूर्तीच्या वेळी आम्ही दोघे जण जयपूरला गेलो. पेटीत पेंढ्याऐवजी फोम भरून घेतला. पेटी पुढच्या फळ्याला भिडवली, खाली रबर टाकले, बुडाशी चारी बाजूंनी गुटके ठोकले आणि दोन वेगळे पट्टे लावले. वाटेत दर थांब्याला चालकभाऊंनी स्वतः पट्टे ओढून पाहिले. मूर्ती जशीच्या तशी आली. ती उतरवायला तेच चार हमाल होते. पहिल्या वेळची अडवून ठेवलेली हमाली आणि त्या दिवसाची हमाली, दोन्ही त्यांच्या हातावर ठेवली आणि सर्वांसमोर माफी मागितली. मामा म्हणाले, "हमालीचं काय घेऊन बसलात, साहेब. तेव्हा ऐकून घेतलं असतं, तरी बरं वाटलं असतं."

आपल्या कितीतरी गाड्यांच्या काचेवर बाबासाहेबांचा फोटो आणि निळा झेंडा असतो. अभिमान वाटतो. पण काही गाड्यांच्या पुढे लिंबू-मिरचीही लोंबताना दिसते, आणि मागे माल मात्र मोकळा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपण अंधश्रद्धेचे ओझे टाकले, ते असे पुन्हा बंपरला बांधू नका. लिंबू-मिरचीच्या पैशात लाकडाची पाचर येते. पाचर माल अडवते, मिरची नाही.

प्रत्येक विहारात एखाद्या रविवारी वंदनेनंतर अर्धा तास काढावा. वस्तीतल्या चालक, हमाल बांधवांना बोलवावे. एक पट्टा, दोन गुटके, चार खोकी समोर ठेवून प्रत्यक्ष दाखवावे. शिकवायला बाहेरचा तज्ज्ञ नको; मामांसारखी माणसे आपल्यातच आहेत. आपण फक्त त्यांचे ऐकायचे आहे.

जयभीम!